चायनाटाऊन वाचलं, महापालिका बदलली

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हँकुव्हर शहरात १३ डिसेंबर १९७२ रोजी महापालिकेची निवडणूक झाली. मतदारांना एक महापौर, दहा नगरसेवक, नऊ शाळा-विश्वस्त आणि सात उद्यान-आयुक्त निवडायचे होते. म्हणजे मतदानाचा पूर्ण हक्क बजावायचा तर २७ नावांपुढे खुणा करायच्या. मोजणी आटोपली तेव्हा पस्तीस वर्षं शहराचा कारभार हाकणाऱ्या गटाकडे दहांपैकी एकच नगरसेवक उरला होता. अवघ्या चार वर्षांपूर्वी जन्मलेल्या ‘टीम’ या पक्षाने महापौरपद घेतलं, आठ नगरसेवक निवडून आणले आणि शाळा मंडळातही बहुमत मिळवलं.

हा निकाल कोणा एका नेत्याच्या लाटेने लागला नव्हता. त्याची मुळं शहराच्या पूर्व भागातल्या स्ट्रॅथकोना या जुन्या, गरीब, प्रामुख्याने चिनी लोकांच्या वस्तीत होती. इथल्या चिनी समाजातला एकही माणूस तोवर नगरसेवक झालेला नव्हता. इथल्या बऱ्याच रहिवाशांना तर मतदानाचा हक्कच पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत नव्हता. अशा वस्तीने शहराचा नकाशा आणि सत्ता दोन्ही बदलायला लावली, म्हणून ही निवडणूक सांगण्यासारखी आहे.

आधी तिथली पद्धत समजून घ्यायला हवी. मुंबईत २२७ प्रभाग आहेत आणि प्रत्येक प्रभागाचा आपला नगरसेवक असतो. नळाला पाणी आलं नाही तर कोणाच्या दारात जायचं हे माणसाला ठाऊक असतं. व्हँकुव्हरमध्येही पूर्वी वॉर्ड होते. तीसच्या दशकातल्या मंदीत बेकारी वाढली आणि पूर्वेकडच्या कामगार वस्त्यांतून समाजवादी विचारांचा सीसीएफ हा पक्ष जोर धरू लागला. त्यानंतर वॉर्ड मोडीत निघाले. १९३५ च्या अखेरीस जनमत घेऊन, १९३६ पासून सगळे नगरसेवक संपूर्ण शहरातून निवडायची पद्धत आली. तरीही पहिल्याच फेरीत सीसीएफचे काही उमेदवार आले आणि १९३७ च्या पोटनिवडणुकीत हेलेना गटरिज ही कामगार चळवळीतली कार्यकर्ती शहराची पहिली महिला नगरसेवक झाली. याच वर्षी व्यापारी आणि उद्योजक वर्गाने ‘नॉन-पार्टिझन असोसिएशन’ म्हणजे एनपीए उभी केली. महापालिकेत पक्षीय राजकारण नको, शहर हे धंद्यासारखं शिस्तीत चालवावं, असं तिचं म्हणणं. प्रत्यक्षात तो एक भक्कम पक्षच होता.

अख्ख्या शहरातून निवडून यायचं तर पैसा लागतो, वर्तमानपत्रांत नाव लागतं, सगळीकडे फिरायला वेळ लागतो. हे तिन्ही ज्यांच्याकडे होतं ते बहुतेक पश्चिमेकडच्या बंगल्यांत राहत. मतदानही पश्चिमेकडे अधिक होई. त्यामुळे पुढची तीन दशकं सभागृहात शहराच्या पश्चिम भागातलेच चेहरे दिसत राहिले आणि अर्ध्या शहराला आपला म्हणावा असा नगरसेवक मिळेना. वॉर्ड काढून घेणं ही कागदावर किरकोळ वाटणारी दुरुस्ती होती. माझ्या मते त्या शहराच्या शतकभराच्या राजकारणात तिच्याइतका दूरगामी निर्णय दुसरा झाला नाही.

मतदारयादीची कहाणी तर याहून कडवट आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने चिनी आणि जपानी लोकांना मतदानापासून आधीच दूर ठेवलं होतं. १९०७ मध्ये भारतीयांचीही त्यात भर पडली. ते ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन आहेत या गोष्टीचा काही उपयोग झाला नाही. १९१४ च्या मे महिन्यात ३७६ प्रवासी घेऊन आलेलं ‘कोमागाता मारू’ जहाज याच शहराच्या बंदरात दोन महिने अडवून ठेवलं गेलं. त्या वेळचे महापौर ट्रुमन बॅक्स्टर यांनी आशियाई लोकांच्या येण्याविरुद्ध शहरात जाहीर सभा भरवली होती. २३ जुलैला जहाजाला परत पिटाळलं गेलं. भारतीय आणि चिनी नागरिकांना प्रांतिक मतदानाचा हक्क मिळाला तो १९४७ मध्ये, आणि चिनी नागरिकांना महापालिकेच्या मतपेटीपर्यंत पोचायला १९४९ उजाडलं.

म्हणजे ज्या काळात स्ट्रॅथकोनाचं भवितव्य ठरत होतं, त्या काळात तिथले रहिवासी नुकते कुठे मतदार झाले होते, आणि तेही अशा निवडणुकीत, जिथे त्यांची मतं अख्ख्या शहराच्या मतांत विरघळून जात.

स्ट्रॅथकोना ही व्हँकुव्हरची सर्वांत जुनी निवासी वस्ती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली लाकडी घरं, अरुंद प्लॉट, मागच्या अंगणात भाजीचे वाफे. इथली लॉर्ड स्ट्रॅथकोना ही शहरातली सर्वांत जुनी सरकारी शाळा. एकेकाळी तिच्या वर्गांत चिनी, जपानी, इटालियन, रशियन, ज्यू अशा घरांतली मुलं एका बाकावर बसत. १९४२ मध्ये सरकारने जपानी वंशाच्या कुटुंबांना किनाऱ्यावरून हुसकावून दूरच्या छावण्यांत धाडलं आणि शाळेचे वर्ग ओस पडले. वस्तीच्या कडेला, युनियन आणि प्रायर या रस्त्यांच्या मधली ‘होगन्स ॲली’ ही गल्ली म्हणजे शहरातल्या कृष्णवर्णीयांचं घर. जवळच्या रेल्वे स्थानकांवरून सुटणाऱ्या गाड्यांवर काम करणारे पोर्टर तिथे राहत. जिमी हेंड्रिक्स या गिटारवादकाची आजी नोरा याच भागात राहायची आणि तिथल्या चर्चच्या कामात तिचा मोठा वाटा होता.

महापालिकेच्या नकाशावर मात्र ही सगळी ‘झोपडपट्टी’ होती. १९५० च्या दशकात केलेल्या अभ्यासातून पालिकेने स्ट्रॅथकोना टप्प्याटप्प्याने पाडून तिथे सरकारी गाळे उभारायचं ठरवलं. खर्चाचा अर्धा वाटा केंद्र सरकारचा, चतुर्थांश प्रांताचा, चतुर्थांश पालिकेचा. पुनर्विकास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बिल्डर येतो. इथे बिल्डर सरकारच होतं. १९६० च्या दशकात पहिल्या दोन टप्प्यांत सुमारे तीन हजार माणसं हलवली गेली. घराची जी भरपाई मिळे तिच्यात शहरात दुसरं घर येत नसे. सरकारी गाळ्यात गेलं की घरमालकाचा भाडेकरू होई. आयुष्यभर लाँड्रीत, गिरणीत, हॉटेलच्या मोरीत राबून ज्यांनी घर घेतलं होतं, त्यांना हे पचणं शक्यच नव्हतं.

पाडकामाची पाळी आली नव्हती त्या घरांचीही दुर्दशा होती. आरक्षण पडलेल्या जागेचं आपल्याकडे जे होतं तेच तिथे झालं. नवं बांधकाम करायला परवाना मिळेना, मोठ्या दुरुस्तीला परवानगी मिळेना. रस्ते, पदपथ, दिवे यांवर पालिका खर्च करीना, कारण वस्ती जाणारच आहे तर पैसे कशाला घालायचे? छप्पर गळायला लागलं की तेच छप्पर पुढच्या अहवालात वस्ती मोडकळीस आल्याचा पुरावा म्हणून नोंदलं जाई. चिनी समाजाच्या संस्थांनी सुरुवातीपासून हरकती नोंदवल्या होत्या. त्या ऐकून घेतल्या गेल्या आणि फायलीत गेल्या.

या सगळ्यामागे प्रशासनातला एक ताकदवान माणूस होता, जेराल्ड सटन ब्राऊन. इंग्लंडहून आलेला हा नियोजनकार १९५० च्या दशकात व्हँकुव्हरचा नियोजन प्रमुख झाला आणि पुढे आयुक्त. नगरसेवक अर्धवेळ, आयुक्त पूर्णवेळ. सभागृहापुढे कुठला प्रस्ताव कोणत्या स्वरूपात यायचा हे त्याच्या टेबलावर ठरे. आपल्याकडच्या महापालिकांचा कारभार ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हे चित्र वेगळं समजावून द्यायची गरज नाही.

घरं पाडण्याच्या योजनेला जोडून दुसरी योजना होती, फ्रीवेची. अमेरिकेत त्या काळी अनेक मोठ्या शहरांच्या पोटातून आठ-आठ पदरी रस्ते काढले जात होते. व्हँकुव्हरलाही तसा हवा होता. १९६७ च्या जून ते ऑक्टोबर या महिन्यांत सल्लागारांचे आराखडे पुढे आले आणि ऑक्टोबरमध्ये सभागृहाने स्ट्रॅथकोनाला लागून असलेल्या चायनाटाऊनच्या मधोमध, कॅरल रस्त्यावरून उंच खांबांवरचा फ्रीवे न्यायला मान्यता दिली. ही बातमी फुटली आणि शहर खवळलं. चायनाटाऊनचे दुकानदार, विद्यापीठाचे प्राध्यापक, वास्तुविशारद, विद्यार्थी, गृहिणी असे एकमेकांना कधी न भेटलेले लोक एका बाजूला आले. नोव्हेंबरमध्ये पालिकेने बोलावलेल्या जाहीर सभेत शेकडो लोक लोटले आणि आरडाओरडा इतका झाला की सभा नीट पार पडली नाही. नियोजन आयोगाचे अध्यक्ष पीटर ओबरलँडर यांनी राजीनामा दिला. १९६८ च्या सुरुवातीला सभागृहाने कॅरल रस्त्याचा मार्ग मागे घेतला.

मात्र योजना पूर्ण मेली नव्हती. फ्रीवेचा एक तुकडा म्हणून आखलेला जॉर्जिया उड्डाणपूल बांधायला घेतला गेला आणि त्याच्या पायात होगन्स ॲली गेली. चायनाटाऊनसाठी शहर रस्त्यावर उतरलं, होगन्स ॲलीसाठी कोणी उतरलं नाही. ती वस्ती लहान होती, तिच्यामागे दुकानदारांच्या संघटना नव्हत्या, विद्यापीठातले मित्र नव्हते. १९७२ च्या जानेवारीत तो पूल खुला झाला तोवर तिथली कृष्णवर्णीय कुटुंबं शहरभर विखुरली होती, आणि ती पुन्हा एकत्र आली नाहीत. या लढ्याचं कौतुक करताना हा हिशेब बाजूला ठेवणं मला योग्य वाटत नाही.

फ्रीवेचा मार्ग रद्द झाला तरी घरं पाडण्याच्या तिसऱ्या टप्प्याचे कागद हलतच होते. तो झाला असता तर स्ट्रॅथकोना म्हणून काही उरलंच नसतं. डिसेंबर १९६८ मध्ये रहिवाशांनी एक संघटना काढली, ‘स्ट्रॅथकोना प्रॉपर्टी ओनर्स अँड टेनंट्स असोसिएशन’. सगळे तिला ‘स्पोटा’ म्हणत. घरमालक आणि भाडेकरू दोघे तिच्यात होते हे विशेष. पालिकेला या दोघांत फूट पाडणं सोपं होतं, आणि ती वाट संघटनेने नावातच बंद केली.

स्पोटाचं काम कसं चालायचं हे पाहिलं की यश का आलं ते कळतं. मेरी ली चॅन ही चिनी गृहिणी आपल्या शर्ली या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला बरोबर घेऊन दारोदार फिरायची. आई चिनी भाषेत शेजाऱ्यांशी बोले, मुलगी इंग्रजीत लिहून घेई आणि सरकारी पत्रांचा अर्थ आईला आणि शेजाऱ्यांना समजावून सांगे. सह्या गोळा होत. गल्लीनिहाय माणसं नेमलेली असत. कोणाला पालिकेची नोटीस आली तर संध्याकाळपर्यंत ती बातमी संघटनेत पोचे. सभा चिनी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत चालत. हॅरी कॉन, बेसी ली, वॉल्टर चॅन ही मंडळी पुढे होती. मंत्री किंवा खासदार शहरात आला की त्याला चायनाटाऊनमध्ये जेवायला बोलवायचं, मानाने वागवायचं आणि जेवण झालं की घरांचा विषय काढायचा, ही त्यांची रीत. या आदरातिथ्यात लाचारी नव्हती. हे लोक आयुष्यभर असेच व्यवहार करत आले होते: आधी ओळख, मग बोलणं.

त्यांना मदत करणारेही भेटले. मार्गारेट मिचेल या सामाजिक कार्यकर्तीने संघटना बांधायला हातभार लावला. पुढे ती खासदार झाली. पालिकेने रहिवाशांचं ‘स्थलांतर सुकर व्हावं’ म्हणून पाठवलेली डार्लीन मार्झारी ही तरुण समाजकार्यकर्ती रहिवाशांच्या बाजूने उभी राहिली. माइक हार्कोर्ट नावाचा तरुण वकील गरिबांना कायदेशीर मदत करणारं केंद्र चालवत होता. तो स्पोटाचा वकील झाला. केंद्रातही वारं फिरत होतं. मंत्री पॉल हेलियर यांनी देशभर फिरून घरबांधणीचा आढावा घेतला, आणि अशा पाडकामांचे पैसे केंद्राने थांबवले. त्यांच्यानंतर आलेले मंत्री रॉबर्ट अँड्रास यांनी तर रहिवाशांना विचारात घेतल्याशिवाय पैसा मिळणार नाही असं पालिकेला स्पष्ट बजावलं. अखेर केंद्र, प्रांत, पालिका आणि स्पोटा अशा चौघांची समिती नेमून घरं पाडण्याऐवजी दुरुस्त करायला अनुदान द्यायचं ठरलं. ज्यांची घरं पाडायची होती ते पालिकेच्या बरोबरीने टेबलाशी बसले. कॅनडात हे नवं होतं.

आता राजकारणाकडे. १९६८ मध्येच दोन नवे पक्ष निघाले. एक ‘कोप’, डाव्या विचारांचा, कामगार संघटनांच्या पाठबळाचा. त्याचा चेहरा होता हॅरी रँकिन, १९६६ पासून सभागृहात एकट्याने किल्ला लढवणारा वकील. दुसरा ‘टीम’, म्हणजे ‘द इलेक्टर्स ॲक्शन मूव्हमेंट’. त्यात शेअर बाजारातल्या गुंतवणुकीचा यशस्वी व्यवसाय उभारलेला आर्ट फिलिप्स होता, विद्यापीठातला भूगोलाचा प्राध्यापक वॉल्टर हार्डविक होता. त्यांना जमेल तशी वस्त्यांतली माणसं येऊन मिळत होती. पहिल्याच निवडणुकीत फिलिप्स आणि हार्डविक दोघे निवडून आले आणि विरोधी बाकांवरून त्यांनी चार वर्षं अंदाजपत्रकं, जमिनीचे व्यवहार, सल्लागारांचे अहवाल बारकाईने वाचून काढले.

महापौर होते टॉम कॅम्पबेल. बिल्डर, बोलण्यात बेधडक, हिप्पी तरुणांचे कट्टर विरोधक. ऑगस्ट १९७१ मध्ये गॅसटाऊन भागात तरुणांच्या निदर्शनावर पोलिसांनी घोडे घातले, त्यानंतर शहरातलं वातावरण अधिकच तापलं. बंदराखालून तिसरा मार्ग काढायच्या प्रकल्पाला विरोध करणाऱ्यांना कॅम्पबेल यांनी माओवादी आणि कम्युनिस्ट ठरवलं. विरोध करणाऱ्यांत डॉक्टर, वास्तुविशारद, पाद्री आणि शाळकरी मुलांच्या आया होत्या. त्यांनी हा शिक्का कायमचा लक्षात ठेवला. १९७२ मध्ये केंद्राने या प्रकल्पातून अंग काढून घेतलं आणि फ्रीवेचा उरलासुरला आराखडाही निकालात निघाला. त्याच ऑगस्टमध्ये प्रांतात वीस वर्षांची सोशल क्रेडिट पक्षाची राजवट पडून डेव्ह बॅरेट यांचा एनडीपी हा पक्ष सत्तेवर आला. कॅम्पबेल पुन्हा उभे राहिले नाहीत.

टीमचा जाहीरनामा साधा होता. फ्रीवे नको. वस्तीत काय बांधायचं हे वस्तीला विचारून ठरवायचं. सभागृहाचं काम बंद दाराआड नको, लोक कामावरून घरी आल्यावर संध्याकाळीही बैठका घ्यायच्या. आयुक्तांनी सभागृहाला चालवायचं नाही, सभागृहाने आयुक्तांना. आणि शहराच्या मध्याजवळच्या फॉल्स क्रीक या खाडीकाठी जिथे लाकडाच्या वखारी आणि गिरण्या होत्या, तिथे माणसांसाठी घरं बांधायची.

निकाल लागला तेव्हा बेचाळीस वर्षांचे आर्ट फिलिप्स महापौर झाले. त्यांच्याबरोबर आलेल्या आठांत प्राध्यापक हार्डविक होते, अभियांत्रिकी शिकवणारे फ्रिट्झ बॉवर्स होते, डॉक्टर विल्यम गिब्सन, वकील जॅक व्होलरिच, आर्थर एरिक्सन यांचे भागीदार म्हणून सायमन फ्रेझर विद्यापीठाचा आराखडा केलेले वास्तुविशारद जेफ मॅसी होते. स्ट्रॅथकोनातून घडलेले दोघे होते, डार्लीन मार्झारी आणि एकोणतीस वर्षांचे माइक हार्कोर्ट. आठवे होते डॉ. सेट्टी पेंडाकूर, भारतातून आलेले, विद्यापीठात नियोजनशास्त्र शिकवणारे, वाहतुकीचे अभ्यासक. फ्रीवेच्या आकडेमोडीतल्या चुका जाहीरपणे दाखवून देणाऱ्यांत ते अग्रभागी होते. ज्या शहराच्या महापौराने १९१४ मध्ये भारतीयांना किनाऱ्याला लागू देऊ नका म्हणून सभा घेतली, त्याच शहराच्या सभागृहात अठ्ठावन्न वर्षांनी एक भारतीय नगरसेवक शपथ घेऊन बसला. मला या निवडणुकीतली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. विरोधात उरले दोघे, कोपचे रँकिन आणि एनपीएच्या मेरियन लिनेल.

नव्या सभागृहाने उशीर केला नाही. काही आठवड्यांतच सटन ब्राऊन पायउतार झाले आणि रे स्पॅक्समन हे नवे नियोजन प्रमुख आले. खाडीच्या दक्षिण काठी घरं उभी राहिली. त्यांत गरीब, मध्यम आणि सधन अशा तिन्ही उत्पन्न गटांना जागा ठेवली होती, सहकारी गृहसंस्था होत्या आणि पाण्याच्या कडेने सगळ्यांना चालता येईल असा रस्ता होता. जमीन विकून टाकली नाही, पालिकेने ती भाडेपट्ट्याने दिली. १९७५ मध्ये फिलिप्स यांनी पालिकेच्या मालमत्तांचा वेगळा निधी उभारला, म्हणजे एखाद्या वर्षाची तूट भरायला पुढचं सभागृह जमिनी फुंकून टाकणार नाही. व्यवसायाने गुंतवणूकदार असलेल्या माणसाने शहराला दिलेली ही खरी देणगी. आपल्या महापालिकांच्या हातून गेल्या पन्नास वर्षांत किती मोक्याचे भूखंड कवडीमोलाने गेले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी या निधीचा अभ्यास जरूर करावा.

त्याच मतपत्रिकेतल्या शाळा-विश्वस्तांविषयी इतिहासात फारसं लिहिलं जात नाही. ते बरोबर नाही. या विश्वस्तांकडे शाळांच्या इमारती, शिक्षकांच्या नेमणुका आणि त्या काळी घरपट्टीतून शाळांसाठी किती पैसा उभारायचा याचा अधिकार होता. बायकांना सार्वजनिक कामात पहिलं पाऊल टाकता आलं तेही याच पदामुळे. प्रांताची राजधानी व्हिक्टोरियात मारिया ग्रँट १८९५ मध्ये शाळा मंडळावर निवडून आल्या, तेव्हा बायकांना विधिमंडळासाठी मत देण्याचाही हक्क नव्हता. स्ट्रॅथकोनात १९७२ मध्ये शाळेला लागूनच वस्तीचं समाजकेंद्र सुरू झालं. दिवसा मुलं आणि संध्याकाळी त्यांचे आईबाप एकाच आवारात येऊ लागले. विश्वस्तपद किती वजनाचं आहे हे १९८५ मध्ये दिसलं. प्रांत सरकारने शिक्षणाच्या खर्चाला कात्री लावली, व्हँकुव्हरच्या शाळा मंडळाने कपातीचं अंदाजपत्रक द्यायला नकार दिला, आणि सरकारने निवडून आलेलं अख्खं मंडळ बरखास्त केलं. पुढच्या वर्षी निवडणूक झाली तेव्हा मतदारांनी त्याच कपातविरोधी गटाला पुन्हा निवडून दिलं.

टीम फार काळ टिकली नाही. हार्कोर्ट आणि मार्झारी डावीकडे सरकले, व्होलरिच उजवीकडे. पेंडाकूर एकाच मुदतीनंतर, १९७४ च्या अखेरीस, विद्यापीठात परतले. ऐंशीच्या दशकात पक्ष विरून गेला. माणसं मात्र पुढे गेली. व्होलरिच आणि त्यांच्यामागून हार्कोर्ट महापौर झाले. १९९१ मध्ये हार्कोर्ट प्रांताचे मुख्यमंत्री झाले आणि मार्झारी मंत्री. शर्ली चॅन, जी आईबरोबर सह्या गोळा करत दारोदार फिरायची, ती हार्कोर्ट महापौर असताना त्यांच्या कार्यालयाची प्रमुख होती. फ्रीवे जिथून जायचा होता त्या कॅरल रस्त्याच्या काठी १९८६ मध्ये डॉ. सन यत-सेन यांच्या नावाचा चिनी पद्धतीचा बगीचा उभा राहिला.

एका बाबतीत मात्र १९७२ च्या विजेत्यांनी पूर्वेकडच्या शहराला निराश केलं. वॉर्ड परत आले नाहीत. १९७३ मध्ये जनमत घेतलं गेलं तेव्हा प्रस्ताव पडला. टीममधल्या पश्चिमेकडच्या मंडळींना अख्ख्या शहरातून निवडून यायची पद्धत सोयीची झाली होती आणि वॉर्डांसाठी त्यांनी मनापासून रेटा लावला नाही. १९७८ मध्ये बहुमत वॉर्डांच्या बाजूने पडलं तरी बदल झाला नाही. १९८८ मध्ये पुन्हा बहुमत मिळालं, पण अट साठ टक्क्यांची घातली होती. २००४ मध्ये मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. ज्या चिनी वस्तीने ही सगळी उलथापालथ सुरू केली तिच्या समाजातला पहिला नगरसेवक, बिल यी, निवडून यायला १९८२ उजाडलं, आणि पहिला चिनी वंशाचा महापौर, केन सिम, २०२२ मध्ये आला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत टीमचं नाव पुन्हा घेऊन एक पक्ष उतरला होता. त्याच्या महापौरपदाच्या उमेदवार होत्या वॉल्टर हार्डविक यांची कन्या कॉलीन हार्डविक. त्या हरल्या.

स्ट्रॅथकोनातली जुनी लाकडी घरं आज शहरातल्या महागड्या घरांत मोडतात. होगन्स ॲलीवर बांधलेला उड्डाणपूल पाडायचा ठराव सभागृहाने २०१५ मध्ये केला. दहा नगरसेवक, नऊ शाळा-विश्वस्त आणि सात उद्यान-आयुक्त मात्र अजूनही सगळ्या शहराच्या एकत्र मतांनीच निवडले जातात.